जुन्या एमजीबीच्या स्टिअरिंग रॅकला तेल कसं द्यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड लागायला लागलं की बहुतेकांचा हात सरळ ग्रीस गनकडे जातो. निपल, म्हणजे ग्रीस आत भरायचं छोटं तोंड, दिसलं की लाव गन आणि दाब, बाहेर येईपर्यंत दाब, हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव. पण एमजीबी, मिनी, मॉरिस मायनर या बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, कुटुंबातल्या गाड्यांच्या रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला, ग्रीस नको असतं, तेल हवं असतं, आणि तेही मोजून. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला नव्वद नंबर ऑइल म्हणतात तेच, ईपी ९० गिअर ऑइल. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी अर्धं काम झालं, पण उरलेलं अर्धं काम म्हणजे आधी घातलेलं तेल गेलं कुठं ते शोधणं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण बंद रॅकमधलं तेल आपोआप उडून जात नाही. ते गेलं म्हणजे कुठलं तरी रबर फाटलंय.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे, त्यामुळे पायऱ्या त्या गाडीच्या सांगतो. एमजीबी १९६२ ते १९८० एवढी वर्षं ॲबिंग्डनला बनत होती, पाच लाखांवर गाड्या निघाल्या, म्हणून पार्ट आजही सहज मिळतात, रबर बूटचा सेट तर अगदीच स्वस्त. बाकीच्या गाड्यांमध्ये काय वेगळं आहे ते शेवटी सांगतो, अँबॅसिडर आणि पद्मिनीवाल्यांनी तेवढं तरी वाचा.

आत नक्की चालतं काय

रॅक म्हणजे एक लांब लोखंडी दांडा, त्याच्या एका टोकाकडच्या भागावर दात. स्टिअरिंगच्या कॉलमच्या टोकाला छोटं दातेरी चाक, पिनियन, ते या दातांवर फिरतं आणि दांडा डावीउजवीकडे सरकतो. दांडा एका नळीसारख्या हाउसिंगमध्ये बसलेला. दोन्ही टोकांना आतला बॉल जॉइंट, त्यातून टाय रॉड निघतो आणि चाकाकडे जातो. हे दोन्ही आतले जॉइंट झाकायला घड्याघड्यांचे रबर बूट, इथं त्यांना गेटर म्हणतात. एमजीबीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे जेमतेम तीन फेरे होतात, २.९३.

आता गंमत बघा. दांडा उजवीकडे सरकला की उजवा बूट ताणला जातो आणि डावा दाबला जातो, मग डाव्यातली हवा जाते कुठं? हाउसिंगमधूनच उजवीकडे. म्हणजे ती नळी हवेची वाटसुद्धा आहे. ती ग्रीसने गच्च भरली की हवेला रस्ता राहत नाही, मग स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की बूट फुग्यासारखा फुगतो आणि एकतर क्लिपमधून निसटतो नाहीतर घडीत फाटतो. जास्त तेल घातलं तरी हेच होतं. म्हणून हँडबुकात प्रमाण दिलेलं असतं, आणि ते कंजूषपणा म्हणून नाही.

दुसरं कारण असं की साधं जाड ग्रीस, जे आपण बेअरिंगला वापरतो, ते दातांनी एकदा बाजूला ढकललं की ढकललेलं तिथंच बसतं, परत दातांवर येत नाही. दोन्ही टोकांना ग्रीसचे ढीग आणि मध्ये, जिथं गाडी सरळ जाताना सगळा वेळ काम चाललेलं असतं, तिथं दात कोरडे. तेल मात्र वाहतं, परत खाली जमतं, रॅक हलली की पुन्हा सगळीकडे लागतं, शिवाय आतले बॉल जॉइंटही त्याच तेलावर जगतात. बीएमसीच्या काही रॅकमध्ये पिनियनच्या विरुद्ध टोकाला फेल्टचा बुश असतो, तो तेल पिऊन दांड्याला ओला ठेवतो, त्याला ग्रीस देऊन काही उपयोग नाही. हल्ली काही लोक पातळ, जवळजवळ वाहणारं ग्रीस घालतात, डबल झिरो नंबरचं. बूट कायम गळतच असतील तर तो तात्पुरता तोडगा ठरू शकतो, पण चांगल्या रॅकला माझं मत विचाराल तर तेलच.

आधी खात्री करा, दोष रॅकचाच आहे का

स्टिअरिंग जड म्हणजे रॅक कोरडी, असं धरून चालू नका. आधी टायरची हवा बघा. एमजीबी रोडस्टरच्या हँडबुकात रेडियल टायरला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलंय, ते आधीच कमी आहे, त्यात अजून चार पीएसआय उतरलं की पार्किंग करताना हात भरून येतात. मग किंगपिन, म्हणजे पुढचं चाक वळताना ज्या उभ्या पिनेभोवती फिरतं ती. एमजीबीच्या प्रत्येक बाजूच्या किंगपिनला तीन निपल आहेत, दोन्ही मिळून सहा, आणि इथं मात्र ग्रीस गनच हवी, दर ३,००० मैलांनी. गाडी जॅकवर घेऊन, चाकावरचं वजन काढून ग्रीस मारायचं, नाहीतर ज्या बाजूला वजन टेकलंय तिथं ग्रीस पोचतच नाही. माझ्या अनुभवात जड स्टिअरिंगच्या तक्रारी रॅकपेक्षा किंगपिनवर जास्त संपतात.

हवा आणि किंगपिन दोन्ही ठीक असून जड असेल तर गाडीचं पुढचं उचला, चाकं हवेत, आणि स्टिअरिंग दोन बोटांनी फिरवून बघा. हलकं फिरलं तर रॅकवर संशय कमी. हवेतही जड लागतंय, किंवा मध्येच अडकल्यासारखं होतंय, तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉडची चाकाकडची टोकं, सोडवा आणि पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर दोष चाकांकडे, म्हणजे किंगपिन. तरी जड, तर रॅक किंवा कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कॉलम आणि पिनियन जोडणारा सांधा. हा जॉइंट विसरला जातो. एमजीबीत कॉलम आणि पिनियन एका रेषेत नीट जुळवलेले असावे लागतात, कुणी आधी रॅक काढून घाईत बसवली असेल आणि खालचे शिम, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्या, हरवले असतील तर जॉइंट दर फेऱ्याला अडतो, आणि त्यात तुम्ही लिटरभर तेल ओतलंत तरी फरक पडणार नाही.

बूटमधून तेल ठिबकतंय, बूट हातात घेऊन दाबला की आत काहीच नाही, रिकामा फुस्स आवाज, किंवा फिरवताना कोरडं करकर ऐकू येतं, ही मात्र रॅकचीच लक्षणं.

सामान

ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, एक लिटरची बाटली पुरून उरते. तेल आत घालायला लांब नळीची ऑइल कॅन, किंवा सगळ्यात सोयीचं म्हणजे ६० मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसेल अशी हाताएवढी मऊ प्लास्टिकची नळी. सिरिंजचा फायदा, किती गेलं ते आपोआप मोजलं जातं. दोन जॅक नको, एक चांगला ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे ॲक्सल स्टँड. बूट बदलायचे असतील तर नवा सेट, क्लिपांसकट, टाय रॉड एंडचे नवे नायलॉकचे नट, बॉल जॉइंट स्प्लिटर, तारेचा ब्रश, आटे भिजवायला पेनिट्रेटिंग ऑइल, पांढरा पेंट मार्कर, पसरट ट्रे आणि भरपूर चिंध्या. वायर व्हील, म्हणजे तारांची चाकं, असतील तर स्पिनरसाठी, म्हणजे चाक आवळणाऱ्या मधल्या मोठ्या नटासाठी, तांब्याची हातोडी, लोखंडी हातोडीने क्रोमची वाट लागते.

बूट विकत घेताना एक सांगतो. स्वस्तातले काही बूट हातात घेतल्यावरच कडक लागतात, दोन हिवाळ्यांत त्यांना घडीत चिरा जातात. दाबून बघा, घडी पूर्ण मिटवून सोडा, लगेच मूळ आकारात आला आणि पांढरट रेघ उमटली नाही तर घ्या.

गाडी उचलणं

सपाट काँक्रीटवर, उतारावर नाही आणि डांबरावर तर उन्हाळ्यात मुळीच नाही, घोडीचे पाय रुततात. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईच्या, मध्यावर, मध्ये लाकडाची फळी ठेवून. घोड्या मजबूत जागी, मग जॅक थोडा सोडून सगळं वजन घोड्यांवर, आणि गाडीला दोन्ही हातांनी एक दणदणीत धक्का. हलली तर पुन्हा मांडणी करा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, अगदी एक मिनिटाचं काम असलं तरी.

एमजीबीची रॅक क्रॉसमेंबरच्या ब्रॅकेटांवर चार बोल्टनी बसलेली असते. खाली गेलातच तर हे चार बोल्ट आधी तपासून टाका. रॅकच जागेवर हलत असेल तर स्टिअरिंगमध्ये जो प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो तो तेलाने जाणार नाही.

बूट बघणं

हात लावायच्या आधी सगळं पुसून घ्या. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल यांचा थर असतो, तो तसाच ठेवून बूट उघडला तर तीच माती आत जाते आणि दातांवर पॉलिश पेपरचं काम करते. ब्रश, चिंधी, थोडं रॉकेल किंवा डिग्रीजर, पण रबरावर रॉकेल जास्त वेळ ठेवू नका.

आता स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवा म्हणजे एका बाजूचा बूट ताणला जाईल. टॉर्च घ्या आणि प्रत्येक घडीच्या खाचेत बघा, वरून नाही, खालून, कारण चिरा बहुतेक खालच्या बाजूला असतात आणि वरून बूट अगदी नवा दिसतो. बोट फिरवा, काळं तेलकट लागलं की तिथं चीर आहेच. मग दुसऱ्या टोकाला फिरवून दुसरा.

इथं इंग्लंडात यात एक मेख आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी करावी लागत नाही. पैसे वाचले म्हणून सगळे खूश, पण एमओटीत तो माणूस खाली उभा राहून फाटलेला बूट दाखवायचा, ते आता कुणी दाखवत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी स्वतः खाली जा, किंवा ऐच्छिक एमओटी करून घ्या, मी तर करतो.

निपल असेल तर

सुरुवातीच्या काही गाड्यांच्या रॅक हाउसिंगवर निपल असतं, आणि सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झालाय, कारण दिसायला ते अगदी ग्रीस निपलसारखंच. पण ते तेलाचं आहे. गनमध्ये ईपी ९० भरायचं आणि १२,००० मैलांनी, म्हणजे साधारण १९,००० किलोमीटरनी, जास्तीत जास्त दहा दाब. दहाच्या वर नाही. साध्या ग्रीस गनमधून तेल गळतं, म्हणून तेलाची वेगळी गन असलेली बरी, जुन्या बाजारात मिळते.

दाब देताना दुसऱ्या हाताने बूट धरून ठेवा. तो हळूहळू घट्ट व्हायला लागला की थांबा, मोजणी कितीही असो. निपल जाम असेल तर ते खोलून साफ करा किंवा बदला, जोर लावून दाबत बसू नका.

आधीच्या मालकाने यात ग्रीस भरलं असेल तर? बूट उघडून बघा. पातळसर काळा लगदा असेल तर आतून जमेल तेवढा काढून तेल द्या, चालून जाईल. वाळून मेणासारखं झालेलं असेल तर रॅक बाहेर काढून, सगळी खोलून धुवावी लागते, त्याला गाडीवर राहून इलाज नाही.

निपल नसेल तर, म्हणजे बहुतेकांचं काम

नंतरच्या एमजीबींना निपलच नाही, रॅक कारखान्यातून भरून बंद. त्यात तेल घालायचा रस्ता बूटमधून. पूर्ण रिकाम्या रॅकला एक तृतीयांश पाइंट, ब्रिटिश पाइंट हं, म्हणजे साधारण १९० मिली. मिनीलाही तेवढंच.

आत सध्या किती आहे ते बाहेरून कळायला काही सोय नाही, ना दांडी ना प्लग. म्हणून अंदाजाने पन्नास मिली वर ओतण्यापेक्षा जुनं सगळं काढून टाकून मोजून नवं घालणं हेच बरं. ट्रे खाली ठेवा, दोन्ही बूटच्या आतल्या, म्हणजे हाउसिंगवरच्या मोठ्या क्लिपा सैल करा, बूट थोडे बाहेर सरकवा आणि स्टिअरिंग हळूहळू या टोकाचं त्या टोकाला नेत राहा. तेल ठिबकत येईल. घाई करू नका, नव्वद नंबरचं तेल थंडीत मधासारखं चालतं, चहा पिऊन या.

जे पडलं ते बघा, ते सगळं सांगतं. स्वच्छ तपकिरी, उत्तम. काळं पण पातळ, म्हातारं झालंय एवढंच. दुधाळ किंवा करड्या रंगाचं म्हणजे पाणी शिरलंय. तेलात लालसर गंज किंवा बोटाला चमचम करणारा चुरा लागला तर दात खाल्ले गेलेत, तेल घालून दोन महिने ढकलता येईल पण रॅक बदलायची तयारी ठेवा.

आता भरणं. ड्रायव्हरच्या बाजूचा, पिनियनकडचा बूट पूर्ण मोकळा करायचा आणि दुसऱ्या बाजूचा आधीच नीट क्लिप लावून बंद करायचा, नाहीतर इकडून ओताल आणि तिकडून ट्रेमध्ये पडेल. ड्रायव्हरची बाजू जॅकने थोडी जास्त उंच करा, घोडीही तेवढी वर घ्या. मग स्टिअरिंग अशा बाजूला फिरवा की रॅक त्या तोंडातून बाहेर येईल. दात उघडे दिसतील. हीच संधी. चिंधीने दात पुसा, प्रत्येक खाच बघा, मधल्या दातांवर चपटे चकचकीत पट्टे दिसतात ते कडेच्या दातांशी ताडून बघा, किती झिजलंय ते लगेच लक्षात येतं. मग दातांवर आणि आतल्या बॉल जॉइंटवर तेल सोडा आणि स्टिअरिंग मधे आणा.

सिरिंजची नळी हाउसिंगच्या तोंडातून जितकी आत जाईल तितकी घाला आणि तेल हळूहळू सोडा. तेलाची बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवली तर काम खूप सोपं होतं. ६० मिलीची सिरिंज तीनदा भरून आणि वर थोडंसं, झाले १९० मिली. आत जात नसेल, परत येत असेल, तर थांबा, स्टिअरिंग किंचित हलवा, हवा निघू द्या. थोडं बूटमध्ये राहिलं तरी हरकत नाही, तेही आतच जाणार आहे.

बूट परत सरकवा, क्लिप लावा, गाडी सरळ करा. आता स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अगदी सावकाश न्या, आणि कुणाला तरी खाली बूटकडे बघायला सांगा. पहिल्याच फेऱ्याला जोरात फिरवलं तर आतल्या तेलाच्या आणि हवेच्या दाबाने बूट उडतो आणि मग सगळं गॅरेज नव्वद नंबरच्या वासाने दरवळतं, तो वास कपड्यांतून जाता जात नाही. आठदहा सावकाश फेरे झाले की तेल सगळीकडे पोचतं.

बूट बदलायचा असेल तर

बूट फाटलाय आणि नुसतं तेल घातलं, तर ते तेल महिनाभरात रस्त्यावर. चिकटपट्टी, सिलिकॉन, सायकलचं पंक्चर पॅच, सगळे उपाय लोक करतात, एकही टिकत नाही.

चाक काढा. टाय रॉडवर जिथं लॉकनट आहे तिथले आटे आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून भिजत ठेवलेले असले पाहिजेत. लॉकनट सोडायच्या आधी त्याची जागा पेंट मार्करने खुणा करून घ्या आणि बाहेर किती आटे दिसतात ते मोजून कागदावर लिहा, फोटोही काढा. मग टाय रॉड एंडचा नट काढून स्प्लिटर लावा. हातोडीने टोकावर मारायचं नाही, आटे चेपतात. स्प्लिटर घट्ट आवळून ठेवला आणि स्टिअरिंग आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे पिन बसते त्या भोकाच्या भागावर, कडेने एक ठोका दिला की ‘ठक्’ असा आवाज येऊन सुटतो.

टाय रॉड एंड उलटा फिरवून काढताना फेरे मोजा, बसवताना तेवढेच. लॉकनटही काढा. बूट सरकवून बाहेर. आता आतला बॉल जॉइंट उघडा दिसतोय तर टाय रॉड धरून आत-बाहेर ओढा, अजिबात खडखड नको. त्याची हालचाल थोडी घट्टच असायला हवी, टाय रॉड सोडल्यावर धपकन खाली पडला तर जॉइंट ढिला झालाय.

नवा बूट घालताना टाय रॉडचे आटे त्याचं छोटं तोंड आतून कापतात. त्यावर साधा उपाय, आट्यांवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, वर थोडं रबर ग्रीस, बूट सरसर जातो, मग पिशवी ओढून घ्या. रबर ग्रीस छोट्या तोंडाच्या आतही लावा, म्हणजे पुढे कधी टाय रॉड फिरवला तर बूट त्याच्याबरोबर पिळला जाणार नाही. पिळलेला बूट आठवड्यात फाटतो, म्हणून शेवटी घड्या सरळ आहेत ना ते बघाच.

क्लिपा. मोठ्या तोंडाला स्क्रूची क्लिप, ती इतकीच आवळा की बूट हाताने फिरणार नाही, रबर क्लिपमधून फुगून बाहेर येईपर्यंत नाही. छोट्या तोंडाला बरेच जण केबल टाय लावतात. बघणाऱ्याला ते आवडत नाही, पण काळा, जाडसर टाय चालतो, मीही वापरलाय. मूळ गाडीसारखंच हवं म्हणणाऱ्यांनी तार पिळून लावावी.

तेल आता घाला, पिनियनकडचा बूट बंद करण्याच्या आधी, वर सांगितलं तसं. मग लॉकनट, टाय रॉड एंड मोजलेल्या फेऱ्यांवर, नवा नायलॉकचा नट. नट आवळताना पिनच फिरायला लागली तर खालून जॅकने टाय रॉड एंडला हलका आधार द्या, पिनेचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, घट्ट बसतो आणि फिरायचं थांबतं.

फेरे कितीही नीट मोजले तरी अलाइनमेंट करून घ्यायचीच. एमजीबीचा टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला जेवढी आत वळलेली असतात ते माप, एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच, म्हणजे साधारण १.५ ते २.३ मिलीमीटर. दोऱ्याने घरीसुद्धा बऱ्यापैकी करता येतं, पण ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे जा आणि हा आकडा कागदावर लिहून न्या, कारण कॉम्प्युटरमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची गाडी सापडेलच असं नाही.

डँपरच्या नटाला हात लावावा का

पिनियनच्या समोर हाउसिंगवर एक मोठं टोपण दिसतं, त्यात स्प्रिंग आणि एक पॅड, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो. खाली पातळ शिम. स्टिअरिंगला प्ले आला की काही मेकॅनिक शिम काढून हे टोपण आवळतात. खड्ड्यांत खडखडणारी रॅक त्याने शांत होते हे खरं, पण दात मधे झिजतात, कडेला नाहीत. मधलं बरोबर होईपर्यंत आवळलं की कडेला, वळणावर, रॅक अडकते, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हे फार धोक्याचं. तेल देताना याला हात लावायचं कारणच नाही. कुणी आवळलेलं असेल आणि स्टिअरिंग त्यामुळेच जड असेल, तर आधी ते मूळ शिमांवर आणा.

दुसऱ्या गाड्या

ट्रायंफ हेरल्ड आणि स्पिटफायर यांची गोष्ट उलटी, तिथं खरोखरच ग्रीस. रॅकवर एक प्लग असतो, तो काढून त्या जागी तात्पुरतं निपल लावायचं, ग्रीस गनचे पाच दाब, फक्त पाच, आणि निपल काढून प्लग परत. म्हणजे कंपनीलाही ठाऊक होतं की निपल कायम ठेवलं तर लोक थांबणार नाहीत. बाजारातून दुरुस्त केलेली एक्स्चेंज रॅक घेतली असेल तर ती विकणाऱ्याला विचारा आत तेल आहे की ग्रीस, बरेच जण हल्ली ग्रीस भरून देतात, त्यावर तेल ओतू नका.

अँबॅसिडर. उत्तरपाड्याला बनलेली ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आणि ऑक्सफर्डसारखीच रॅक अँड पिनियनवाली. मॉरिस मायनरही हिंदुस्तान मोटर्सने बेबी हिंदुस्तान नावाने बनवली होती, तीही त्याच घराण्यातली. त्यामुळे तेल की ग्रीस, बूट कसे बघायचे, सावकाश का फिरवायचं, हे सगळं वरचं लागू. प्रमाण मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं घ्या, माझे १९० मिली एमजीबीचे आहेत. आपल्याकडे धूळ आणि ऊन दोन्ही जास्त, बूट लवकर कडक होतात, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा खाली बघितलेलं चांगलं. कोकणात गाडी असेल तर नंतरची तपासणी अजिबात चुकवू नका, फाटक्या बूटमधून चार महिने पाणी गेलं की रॅक गंजलीच.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी मात्र यातलं काही करू नये. ती फियाट ११००, तिला रॅक नाहीच, स्टिअरिंग बॉक्स आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना बॉक्समध्ये नव्वद नंबर टाकायची सवय असायची, ती बरोबर. पण तिथं बूट वगैरे शोधत बसू नका, बॉक्सचा भरायचा प्लग उघडून लेव्हल बघायची, एवढंच.

काम झाल्यावर

चाकं लावा, गाडी खाली घ्या, आधी उभ्या गाडीत दोन्हीकडे फिरवून बघा, मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात. वळणातून बाहेर येताना हात सैल सोडा, स्टिअरिंग आपलं आपण सरळ यायला हवं. येत नसेल तर पुन्हा किंगपिन आणि डँपर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून बघा. एखादा थेंब आतल्या क्लिपच्या खाली दिसला तर क्लिप अर्धा फेरा आवळा. आठवडाभराने टाय रॉडचे लॉकनट एकदा पान्याने तपासा. त्यानंतर १२,००० मैल व्हायला जुन्या गाडीला कित्येक वर्षं लागतात, तेव्हा मैल मोजू नका, दर वसंतात गाडी बाहेर काढाल तेव्हा टॉर्च घेऊन दोन्ही बूट खालून बघायचे. काढलेलं तेल बाटलीत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरवर न्या, तिथं जुन्या तेलाची टाकी असते. भारतात असाल तर गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात, गटारात नको.